मुंबईतल्या माध्यम विभागांना खुलं पत्र: आधी सिनेमा पूर्ण दाखवा

प्रति,
मुंबई आणि उपनगरांतल्या महाविद्यालयांमधले माध्यम विभागप्रमुख, तसंच सिनेमाचा पेपर काढणारे आणि तपासणारे सर्व प्राध्यापक

सन्माननीय सर, मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मागच्या सत्रात माझ्याकडे तपासायला आलेल्या गठ्ठ्यात दहा मार्कांचा एक प्रश्न होता. ‘कुंकू या चित्रपटातील प्रतीकांचे महत्त्व स्पष्ट करा.’ पहिल्या पेपरात लिहिलं होतं, ‘घड्याळ हे काकासाहेबांच्या वृद्धत्वाचे प्रतीक आहे.’ दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात ‘वृद्धत्वाचे’ऐवजी ‘वार्धक्याचे’. गठ्ठा संपला तेव्हा ते वाक्य मलाही पाठ झालं होतं. पुढच्या तासाला मी वर्गात विचारलं, ‘कुंकू’ पूर्ण कोणी पाहिलाय? चार हात वर आले. त्यातल्या एकाने लोकलमध्ये, मोबाइलवर, दीडपट वेगाने पाहिला होता. बाकीच्यांनी नोट्स वाचल्या होत्या. त्या नोट्स मी दिलेल्या नव्हत्या, पण त्या कुठून आल्या हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. वर्षानुवर्षं एका झेरॉक्सवाल्याकडून दुसऱ्याकडे फिरत आलेला तो कागद आहे.

मी गेली अकरा वर्षं तासिका तत्त्वावर सिनेमा शिकवते. सकाळी एक कॉलेज, दुपारी दुसरं. माझी मुलं डोंबिवली, विरार, मानखुर्द, लालबाग, भांडुप अशा सगळ्या दिशांनी येतात. ती आळशी नाहीत. पहाटेची लोकल पकडून सकाळच्या पहिल्या लेक्चरला बसणाऱ्या मुलांना आळशी म्हणणं मला पटत नाही. त्यांनी न पाहिलेल्या सिनेमाचं रसग्रहण लिहिलं, कारण आपण त्यांच्याकडून तेच मागितलं. प्रश्नच असा होता की त्याचं उत्तर देण्यासाठी सिनेमा पाहायची गरज पडत नव्हती. पाहिला असता तरी मार्क वाढले नसते.

म्हणून हे पत्र. माझं म्हणणं एकच आहे आणि ते मला पोटतिडकीने सांगायचं आहे. जुने, नावाजलेले सिनेमे शिकवताना आपण मुलांच्या हातात आधी अर्थ देतो आणि सिनेमा नंतर, किंवा देतच नाही. हा क्रम उलटा करा. आधी पूर्ण सिनेमा, हॉलमध्ये, सगळ्यांनी मिळून. मग काय दिसलं, काय ऐकू आलं, ते त्यांच्या शब्दांत. अर्थ त्यानंतर, आणि तोही त्यांचा. मार्कसुद्धा त्याच क्रमाने द्या.

त्या गठ्ठ्यानंतर मी ठरवलं की ‘कुंकू’ वर्गात पूर्ण दाखवायचाच. एका सहकाऱ्याचा तास मागून घेतला, दुसऱ्याचा उसना घेतला, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात प्रोजेक्टर लावला. ‘कुंकू’ 1937 चा. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचं, कथा ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरची. फसवून काकासाहेब या म्हाताऱ्या विधुराशी लग्न लावून दिलेली मुलगी त्याला नवरा म्हणून मान्य करायला ठाम नकार देते, इतकं कथानक सगळ्यांना नोट्समधून माहीत होतंच. सुरुवातीची वीस मिनिटं चुळबुळ होती. कोणी मोबाइल काढत होतं, कोणी शेजारच्याशी कुजबुजत होतं. मी काही बोलले नाही.

मग मागच्या बाकावरून एक मुलगा उठला आणि त्याने न विचारता पंखे बंद केले. मार्च महिना, दुपारची वेळ, सगळे ओरडले. तो म्हणाला, ‘थांबा ना, ऐकू येत नाहीये.’ हा मुलगा गणपतीत लालबागला एका साउंडवाल्याकडे काम करतो, केबल टाकतो, मिक्सरजवळ बसतो. पुढची दहा-पंधरा मिनिटं तो पडद्याकडे कमी आणि स्पीकरकडे जास्त बघत होता. मग हळूच म्हणाला, ‘मॅडम, यात मागे म्युझिकच नाहीये. वाजतंय ते सगळं घरातलंच आहे.’

सर, मॅडम, मी त्या क्षणी वर्गाच्या दाराशी उभी होते आणि माझ्या अंगावर काटा आला. ‘कुंकू’त पार्श्वसंगीत वापरलेलं नाही, प्रसंगात जे घडतं त्याचेच आवाज आहेत, ही गोष्ट चित्रपटाच्या अभ्यासकांनी पूर्वीच लिहून ठेवलेली आहे. मी ती पुस्तकात वाचली होती. त्या मुलाने ती कानांनी शोधून काढली. त्यानंतर वर्गाचा नूरच पालटला. सगळे आवाज शोधायला लागले. घड्याळाची टिकटिक कुठे मोठी होते, त्या वेळी खोलीत कोण आहे, गाण्याला साथ कुठून येते. एकीने वहीत दोन रकाने पाडले, एकात आवाज आणि दुसऱ्यात माणूस. आणि तेव्हा, कोणीही न सांगता, एक जण म्हणाला की हे घड्याळ म्हणजे नुसतं म्हातारपण नाही, त्या घरात तिचाही वेळ जातोय, तिचंही वय सरतंय. बरोबर की चूक ते सोडा. हे वाक्य कुठल्याही झेरॉक्समध्ये नव्हतं.

हा अनुभव आल्यावर मी एका कॉलेजच्या परीक्षेसाठी प्रश्न काढला. ‘कुंकू’तल्या कोणत्याही एका प्रसंगात ऐकू येणाऱ्या आवाजांची नोंद करा आणि त्या आवाजांमुळे प्रसंगाकडे पाहण्याची तुमची दृष्टी कशी बदलली ते लिहा. मॉडरेशनमधून, म्हणजे पेपर छापण्याआधीच्या तपासणीतून, तो परत आला. शेरा होता, ‘उत्तरसूची निश्चित नाही.’ त्या जागी पुन्हा प्रतीकांचा प्रश्न बसला. ज्यांनी शेरा मारला त्यांच्यावर माझा राग नाही. एकाच पेपराचे गठ्ठे चार जणांकडे जातात, सगळ्यांनी सारखे मार्क द्यावेत ही त्यांची काळजी खरी आहे. पण उत्तरसूची निश्चित करता येते. प्रसंग नेमका सांगितला का, दोन. जे लिहिलं ते खरोखर सिनेमात आहे का, तीन. त्यातून काढलेला निष्कर्ष त्या नोंदींवर उभा आहे का, तीन. भाषा आणि मांडणी, दोन. झाले दहा. हे तपासायचं तर तपासणाऱ्याने सिनेमा पाहिलेला असावा लागतो, एवढीच त्यातली अट आहे. ती अट मला रास्त वाटते.

दुसरा प्रसंग मला जास्त लागला आहे. त्याच वर्गातल्या एका मुलीने ‘कुंकू’च्या शेवटावर लिहिलं. शेवटी काकासाहेबांना आपली चूक उमगते, ते स्वतःचं आयुष्य संपवतात आणि नायिकेला पुन्हा लग्न करायची मोकळीक देणारं पत्र मागे ठेवतात. या मुलीने विचारलं होतं, लढली नायिका, मग शेवटी मोठेपण त्यांना का मिळालं? तिची सुटका तिच्या नकारातून झाली की त्यांच्या औदार्यातून? पुढे तिने काकासाहेबांचं काम करणाऱ्या केशवराव दाते यांच्या अभिनयाबद्दल लिहिलं होतं, की तो इतका चांगला आहे म्हणूनच प्रेक्षकाची सहानुभूती नकळत म्हाताऱ्याकडे सरकते. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वीच्या सिनेमाशी ही मुलगी बरोबरीने वाद घालत होती. तो पेपर माझ्याकडे तपासायला नव्हता. तिने फोटोकॉपी मागवली तेव्हा मी पाहिला. दहापैकी तीन मार्क, आणि बाजूला पेन्सिलने लिहिलेलं, ‘अभिजात कलाकृतीविषयी आदर हवा.’

आदर म्हणजे काय, हे आपण एकदा एकत्र बसून बोलायला हवं. मला त्या मुलीच्या उत्तरात आदरच दिसला. तिने शांतारामबापूंचा सिनेमा इतका मनापासून पाहिला की तो तिला गप्प बसू देईना. ज्यांनी न पाहता ‘अजरामर कलाकृती’ असं लिहिलं त्यांनी कुठला आदर केला? त्या सिनेमात शकुंतला परांजपे यांनी काकासाहेबांच्या सुधारक विचारांच्या मुलीचं काम केलं आहे, आणि प्रत्यक्ष आयुष्यातही त्यांनी संततिनियमनासारख्या विषयावर त्या काळात उघडपणे काम केलं. अशी माणसं ज्या सिनेमात आहेत त्या सिनेमावर प्रश्न विचारले म्हणून मार्क कापायचे?

मुलांना टीका करू द्या म्हणजे त्यांना काहीही बोलू द्या असं मी म्हणत नाही. ‘बोअर झालं’ ही टीका नव्हे. पण ‘बोअर झालं’ म्हणणाऱ्या मुलाला मी नेहमी विचारते, नक्की कुठे? कोणत्या मिनिटाला? पुन्हा लावू का तो भाग? तो भाग पुन्हा लावला की निम्म्या वेळा त्याचं मत बदलतं आणि निम्म्या वेळा पक्कं होतं, आणि आता त्याच्याजवळ कारण असतं. मला तेवढं पुरतं.

‘संत तुकाराम’च्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसतं. 1936 चा, दामले-फत्तेलाल यांचा, प्रभात फिल्म कंपनीचा. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे प्रत्येक मुलाला माहीत असतं कारण तो एका मार्काचा प्रश्न असतो. पण सिनेमा सुरू झाल्यावर तुकोबांचं गाणं आणि त्यांच्या रचना आपल्या नावावर खपवणाऱ्या सालोमालोचं गाणं यांतला फरक ऐकला का, हे कोणी विचारत नाही. मी वर्गाला डोळे मिटायला सांगते आणि दोन्ही ऐकवते. विष्णुपंत पागनीस साधे, सरळ गातात. सालोमालो संगीत नाटकाच्या थाटात, ताना घेत, समोरच्यावर छाप पाडत गातो. डोळे मिटूनसुद्धा मुलांना कळतं की यातला कोण देवासाठी गातोय आणि कोण लोकांसाठी. मग डोळे उघडायचे आणि तेच पुन्हा पाहायचं. हे पागनीस स्वतः संगीत नाटकांतून स्त्रीभूमिका करत आलेले नट होते, हे त्यानंतर सांगितलं की मुलं थक्क होतात, कारण आता त्या माहितीला टेकायला जागा आहे. आधी सांगितली असती तर तीही एका मार्काची झाली असती.

आणि जिजाई. दरवर्षी, न चुकता, वर्गातल्या मुली जिजाईच्या बाजूने उभ्या राहतात. गौरी या नटीने ती जिजाई अशी उभी केली आहे की आजारी पोराला घेऊन ती देवळात जाऊन विठ्ठलावरच भडकते तेव्हा पूर्ण वर्ग तिच्या बाजूला असतो. घरात दाणा नाही आणि नवरा अभंगात दंग, हे दुःख त्यांना कोणी समजावून सांगावं लागत नाही. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने मांडलं होतं की हा सिनेमा संताचा असला तरी वास्तव त्यात जिजाईमुळे येतं, ती नसती तर तो नुसत्या चमत्कारांचा सिनेमा झाला असता. तुकोबा वैकुंठाला जातात आणि जिजाई मागे राहते, तेव्हा आपण कोणाकडे बघतो? हा तिचा प्रश्न मी दर वर्षी पुढच्या वर्गाला विचारते. अजून एकदाही सगळ्यांचं उत्तर एक आलेलं नाही.

हे सगळं मोबाइलवर होत नाही, आणि पन्नास मिनिटांच्या तासातही होत नाही. ‘संत तुकाराम’ दोन तासांहून जास्त लांब आहे. तो तीन तुकड्यांत, सोमवार-बुधवार-शुक्रवार असा दाखवला की जिजाईचा राग सोमवारी पेटतो आणि शुक्रवारपर्यंत विझलेला असतो. सिनेमाची लय हीच जर शिकवायची गोष्ट असेल तर ती तोडून कशी शिकवणार? प्रॅक्टिकलसाठी विज्ञान शाखेला जोडतास मिळतात. लॅबमध्ये कोणी ब्युरेट अर्ध्यावर सोडून घंटा वाजली म्हणून घरी जात नाही. आमची लॅब म्हणजे अंधार केलेली खोली आणि एक बरा स्पीकर, तेवढंच आम्ही मागतो.

आणि प्रिंट. हे मी अगदी कळकळीने सांगते आहे. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या जुन्या सिनेमाच्या प्रती बहुतेक वेळा धुरकट असतात, कोपऱ्यात कुठल्यातरी चॅनलचा लोगो, काही ठिकाणी गाणी कापलेली, काही ठिकाणी चौकट ताणून रुंद केलेली. ती पाहून मुलगा लिहितो, ‘छायाचित्रण निकृष्ट आहे.’ बिचाऱ्याने जे पाहिलं ते प्रामाणिकपणे लिहिलं. चूक त्याची नाही. विभागाच्या ग्रंथालयाच्या बजेटमधून दर वर्षी चार-पाच चांगल्या प्रती घेतल्या तर दहा वर्षांत उत्तम संग्रह होईल.

कॉपीराइटचं कारण मी अनेकदा ऐकलं आहे, की कॉलेजमध्ये सिनेमा दाखवला तर अडचण येईल. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शिक्षणसंस्थेच्या कामाचा भाग म्हणून, प्रेक्षक फक्त तिथले शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी आणि त्यांचे पालक असतील तर सिनेमा दाखवायला सूट आहे. प्राचार्यांनी एकदा ते कलम वाचावं, एवढी विनंती.

आता आरशांचा एक प्रयोग सांगते, कारण त्याने मला स्वतःला बरंच शिकवलं. ‘कागज के फूल’, 1959. भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा, सिनेमा. त्यातला रिकाम्या स्टुडिओतला वरून येणारा प्रकाशाचा झोत पोस्टरांवर, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर इतका छापला गेलाय की मुलांना तो आधीच ‘एकाकीपणाचे प्रतीक’ म्हणून पाठ असतो. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी त्यासाठी मोठे आरसे लावून बाहेरचं ऊन स्टुडिओत आणलं होतं. मी वर्गात म्हटलं, करून बघू या का? एकाने घरून आरसा आणला, एकीने दुसरा. आमच्या वर्गाबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये दुपारी अडीचनंतर ऊन येतं. एक आरसा कठड्याजवळ, त्यातलं ऊन दारातून आत, आत उभ्या मुलीच्या हातात दुसरा आरसा, तिथून फळ्याकडे. खिडक्या बंद केल्या. उजेडाचा गोल फळ्यावर पडला, पण झोत काही दिसेना. सगळे हिरमुसले. मग एका मुलाने फळा पुसायचा डस्टर बाकावर आपटला. खडूची धूळ हवेत उडाली, आणि वर्गाच्या मधोमध तो झोत उभा राहिला. तिरपा, पांढरा, थरथरणारा. कोणी काही बोललं नाही.

तो थरथरत होता कारण आरसा धरणाऱ्या मुलीचा हात भरून आला होता. आणि पाचेक मिनिटांत उजेड फळ्यावरून सरकून भिंतीवर गेला. एक जण म्हणाला, ‘म्हणजे ऊन सरकलं की त्यांना परत सगळं हलवायला लागत असणार.’ बरोबर. एक शॉट म्हणजे घाई, मेहनत, आरसा पुन्हा पुन्हा जागेवर आणणाऱ्या माणसांचे हात. त्यानंतर मी सिनेमातला तो भाग लावला. प्रतीक हा शब्द त्या दिवशी कोणाच्या तोंडी आला नाही. पण दुसऱ्या दिवशीच्या निबंधांत एकीने लिहिलं होतं की त्या उजेडात धूळ दिसते म्हणून तो स्टुडिओ जास्त रिकामा वाटतो. हे तिने फळ्यासमोर, डस्टरच्या धुळीत पाहिलं होतं. मूर्तींना पुढे दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, छायालेखकाला तो पहिल्यांदाच मिळाला होता. मी हे सांगितल्यावर वर्गाने टाळ्या वाजवल्या. आपण ओळखत असलेल्या माणसाला बक्षीस मिळावं तशा.

परदेशी सिनेमांबद्दल थोडक्यात. ‘बायसिकल थीव्ह्ज’ हा सायकल चोरीला गेलेल्या गरीब बापाचा इटालियन सिनेमा शिकवताना नववास्तववादाची, म्हणजे साध्या माणसांचं खरं जगणं दाखवणाऱ्या त्या सिनेमाच्या धारेची, पाच वैशिष्ट्यं फळ्यावर लिहायची आपली पद्धत आहे. मी ती बंद केली. सिनेमा दीड तासाचा आहे, एका जोडतासात होतो. संपल्यावर मी एवढंच विचारते की छोट्या ब्रूनोने बापाचा हात कधी धरला. ज्या मुलाचे वडील बाइकवर डिलिव्हरीचं काम करतात त्याला ती सायकल म्हणजे काय हे रोम कुठे आहे ते माहीत नसतानाही कळतं. हाच सिनेमा 1952 च्या जानेवारीत मुंबईत भरलेल्या देशातल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि आपल्याकडच्या दिग्दर्शकांवर त्याचा खोल परिणाम झाला. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बीघा जमीन’ आला. हा धागा मुलांच्या हाती सिनेमा पाहून झाल्यावर द्यावा. मग दुसरा सिनेमा ती स्वतःहून मागतात.

आपण मुंबईत आहोत, हे मला वारंवार सांगावंसं वाटतं. 1896 च्या जुलैत ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात दाखवल्या गेल्या. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 ला गिरगावात, कोरोनेशनमध्ये लागला. गिरगावातल्याच मॅजेस्टिकमध्ये 1931 साली ‘आलम आरा’ लागला आणि पडदा बोलू लागला. पेडर रोडला पूर्वीच्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात चित्रपट संग्रहालय आहे. प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी 1968 पासून या शहरात सिनेमा पाहायला आणि त्यावर बोलायला शिकवतंय. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटमधले प्राध्यापक सतीश बहादूर यांनी 1960 च्या दशकापासून ‘पथेर पांचाली’सारखा सिनेमा प्रसंगाप्रसंगाने उलगडून पिढ्यांना पाहायला शिकवलं. म्हणजे मी जे मागते आहे ते नवीन नाही. ते आपल्या दाराशी आहे आणि आपल्या वेळापत्रकात नाही.

‘सिंहासन’ तर आपल्या शहराचाच. 1979 चा, जब्बार पटेल यांचा, अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा, कृष्णधवल. मुख्यमंत्र्यांना येणाऱ्या निनावी फोनपासून सुरू होणारी ती मुंबई दाखवल्यावर मी मुलांना सांगते, यातली एखादी जागा आजच्या शहरात शोधा, तिथे उभे राहा आणि कॅमेरा तिथेच का लावला असेल ते लिहा. पत्रकार दिगू टिपणीसच्या शेवटच्या हसण्यावर, म्हणजे निळूभाऊ फुले यांच्या त्या हसण्यावर, मला आजवर एकसारखी दोन उत्तरं मिळालेली नाहीत. आणि एक सांगते, हे निबंध मुलं मराठीत लिहितात तेव्हा त्यांचं पाहणं किती तरी बारीक असतं. इंग्रजीत जो ‘डार्क’ लिहितो तोच मराठीत लिहितो, ‘खोलीत उजेड आहे पण कोंदट आहे.’ त्यांना मराठीत लिहायची मुभा नुसती नियमात असून चालत नाही. वर्गात कोणीतरी त्यांना मोठ्याने सांगावं लागतं की लिही, चालेल.

तुमच्यापैकी अनेक जण माझे ज्येष्ठ आहेत, काही जण माझे शिक्षक होते. अभ्यासक्रम पूर्ण करायचा ताण, निकालाची टक्केवारी, एका विभागात एकच प्रोजेक्टर, हे सगळं मी तुमच्याच स्टाफरूममध्ये बसून पाहते. म्हणून मागणी मोठी करत नाही. जूनमध्ये नवं वेळापत्रक लागेल तेव्हा सिनेमाच्या पेपरला दर पंधरवड्यातून एका शनिवारी तीन तास सलग द्या. वर्षाला बारा सिनेमांची यादी असेल तर ती सहा करा, आणि ते सहा पूर्ण दाखवा. परीक्षेत निदान एक प्रश्न असा ठेवा की ज्याचं उत्तर पाहिल्याशिवाय लिहिता येणार नाही. जमलं तर परीक्षेच्या हॉलमध्येच तीन मिनिटांचा तुकडा दोनदा दाखवून त्यावर लिहायला सांगा. अंतर्गत चाचणीत मी हे तीनदा केलं आहे. तपासायला वेळ जास्त लागतो, हे खरं. पण गठ्ठ्यातला प्रत्येक पेपर वेगळा निघतो.

त्या तीनवाल्या मुलीचा पेपर माझ्याकडे आहे. तिची परवानगी घेऊन, नाव झाकून, मी तो अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीत घेऊन येईन. आपण सगळ्यांनी मिळून तो पुन्हा तपासावा, सिनेमा पाहून.

जोडतासाला मानधन कसं लावायचं हे अकाउंट्समधून विचारलं जाईल, त्यासाठी मी स्वतः येऊन बसेन. हॉलला पडदे नसतील तर खिडक्यांना लावायला काळे कागद आम्ही आणू. गेल्या वर्षीचे अजून माझ्या कपाटात आहेत, मुलांनी चिकटपट्टीसकट घडी घालून ठेवलेत. पंखे मात्र सिनेमाभर बंद ठेवावे लागतील, त्याची मुलांना आता सवय झाली आहे.

आपली,
तासिका तत्त्वावर सिनेमा शिकवणारी एक प्राध्यापिका
मुंबई